कोश कोणासाठी? – ‘आरूख’पासून धानोऱ्यापर्यंत

(धानोरा इथे गोंडी-माडिया शब्दसंग्रहाचं काम करणाऱ्या शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)



फळ्यावरचा विषय वाचून एका गुरुजींनी मला दारातच गाठलं. म्हणाले, “सर, हिब्रूच्या जुन्या कोशांचं आमच्या धानोऱ्यात काय काम?” प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मी रोमपासून सुरुवात करत नाही, इथूनच करतो.

इथून जवळच मेंढा (लेखा) आहे. तिथली घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे : ‘मावा नाटे मावा राज’. आमच्या गावात आमचं राज्य. आता समजा, गोंडी अजिबात न येणारा एक मुलगा नागपूरहून आला. त्याने ही घोषणा वाचली आणि ‘नाटे’ हा शब्द शोधायला आपली शब्दयादी उघडली. त्याला काय सापडेल? ‘नार – गाव’ एवढं सापडेल. ‘नाटे’ सापडणारच नाही. कारण ‘नार’ला प्रत्यय लागताना त्याचं ‘नाट’ होतं आणि ‘नाटे’ म्हणजे गावात. ज्याला हे आधीच ठाऊक आहे त्याला कोश नको. ज्याला कोश हवा आहे त्याला शब्द कुठे शोधायचा तेच ठाऊक नाही.

हिब्रू आणि अरामी वाचणाऱ्याची अडचण शतकानुशतकं हीच होती. तिथेही शब्दाला पुढून-मागून अक्षरं चिकटतात, मधले स्वर बदलतात, मूळ आत दडून बसतं. या अडचणीवर जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी रोममधल्या एका माणसाने एक मोठा कोश लिहिला. छापखाना आल्यावर अगदी सुरुवातीला छापल्या गेलेल्या हिब्रू पुस्तकांत तो होता. त्याच्या मागून आणखी कोश आले, कधी त्याला जोडून, कधी त्याच्यावर कुरघोडी करत. आज मला त्या कोशांची थोडी परीक्षा करायची आहे. कसोटी एकच : कोश कोणासाठी केला? कारण मला असं दिसतं की कोशातले गुण आणि दोष तिथूनच निघतात.

आधी वाङ्मय कोणतं, ते बघू

बायबलचं हिब्रू वेगळं आणि रब्बींचं वाङ्मय वेगळं. इ. स. २००च्या सुमारास मिश्ना नावाचा नियमसंग्रह तयार झाला. त्यावर पुढच्या काही शतकांत पॅलेस्टाइनमध्ये आणि बाबिलोनियात जी चर्चा झाली, तिचे दोन मोठे संग्रह म्हणजे दोन तालमूद. त्याशिवाय बायबलवरची कथा-निरूपणं म्हणजे मिद्राश, आणि बायबलची अरामी भाषांतरं म्हणजे तार्गुम. ही भाषा सोवळ्यातली नाही. हिब्रू आहे, अरामी आहे, बाजारातली ग्रीक आहे, थोडी लॅटिन आहे, बाबिलोनियाकडची फारसी आहे. तारण, कर्ज, घटस्फोट, नांगर, जातं, भाजी, दरोडेखोर, पालक, पंच अशा सगळ्या विषयांचे शब्द त्यात आहेत. ‘सान्हेद्रिन’ हा न्यायसभेचा शब्दच मुळात ग्रीक.

आता ११व्या शतकातला रोममधला यहुदी वाचक डोळ्यांसमोर आणा. घरात तो इटालियन बोली बोलतो. देवघरात हिब्रू वाचतो. तालमूद उघडला की पाचसहा भाषांची खिचडी समोर येते, आणि ती बोलणारी माणसं हजार मैल आणि पाचशे वर्षं दूर. त्याने विचारायचं कोणाला?

‘आरूख’ची नोंद कशी चालते

रोमच्या विद्यापीठाचा प्रमुख नाथान बेन येहिएल याने ११०१ साली आपला कोश पुरा केला. नाव ‘आरूख’, म्हणजे ‘नीट मांडलेलं’. नाथान सिसिलीच्या मात्स्लियाख इब्न अल-बाझाक याच्याकडे शिकला होता, आणि हे गुरू स्वतः बाबिलोनियातल्या हाय गाओन यांच्या विद्यापीठात राहून आलेले. त्यामुळे जी स्पष्टीकरणं बाबिलोनियात तोंडी चालत होती, त्यांतली पुष्कळशी या वाटेने रोमला पोचली. कोशाच्या शेवटच्या पद्यात नाथानने आपली मुलं लहानपणीच गेल्याचं दुःखही लिहून ठेवलं आहे. कोश म्हणजे कोरडं काम असं कोणाला वाटत असेल, तर हे ध्यानात ठेवा.

त्याच्या नोंदीत तीन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते हेच ‘आरूख’चं खरं बळ.

पहिली, पत्ता. शब्द दिला की तो कुठे आला ते तो सांगतो : अमुक ग्रंथ, अमुक प्रकरण. त्या काळी पानांचे आकडे नव्हते. म्हणून प्रकरण त्याच्या पहिल्या शब्दांनी ओळखायचं. आपल्याला यात नवल वाटायला नको. अभंगाला आपण नंबराने थोडंच ओळखतो? पहिल्या चरणाने ओळखतो. वारकऱ्याला पहिला चरण सांगा, बाकीचा अभंग तो स्वतः म्हणतो. ‘आरूख’चा वाचक तसाच होता. कोश त्याला त्या जागेवर नेऊन सोडतो, पुढचं त्याने वाचायचं.

दुसरी, एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ तो वेगळे मांडतो आणि प्रत्येकाखाली त्या-त्या अर्थाची वाक्यं देतो. आणि विद्वानांत मतभेद असेल तर तोही सांगतो. मोकळेपणाने सांगतो, “अमक्याने असं म्हटलं, दुसऱ्याने तसं.”

तिसरी मला सगळ्यांत जास्त आवडते. मधूनमधून तो घरातला शब्द देतो. तालमुदातल्या अवघड शब्दाशेजारी रोमच्या गल्लीत त्या वस्तूला काय म्हणत, ते तो हिब्रू अक्षरांत लिहून ठेवतो. त्याला वाटलं असेल, वाचकाची सोय झाली. आज इटालियन भाषेचा इतिहास शोधणारे अभ्यासक हे शब्द सोन्यासारखे जपतात, कारण त्या काळची बोलली जाणारी इटालियन फारशी कुठे लिहिलेलीच सापडत नाही. म्हणजे पवित्र भाषेच्या कोशात एक घरगुती बोली जगली, आणि तीही आगंतुकासारखी, कोपऱ्यात उभी राहून.

एक उदाहरण घेऊन बघू, म्हणजे कोशकारापुढचा पेच कळेल. शब्द आहे ‘अफिकोमान’. मिश्नामध्ये पेसाखच्या म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाबद्दल नियम आहे : पेसाखच्या कोकराच्या मांसानंतर ‘अफिकोमान’ करू नये. शब्द मुळात ग्रीक. पण तालमूद तयार होईपर्यंतच त्याच्या अर्थाबद्दल वाद सुरू झाले होते. एक म्हणतो, याचा अर्थ एका पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊ नये. दुसरा म्हणतो, जेवणावर गोडधोड किंवा चवीची चीज खाऊ नये. तिसरा म्हणतो, हे गाण्याबजावण्याबद्दल आहे. आणि आज पेसाखला बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो सांगेल की अफिकोमान म्हणजे बेखमीर भाकरीचा तो लपवून ठेवलेला तुकडा, जो सगळ्यांत शेवटी खायचा. जे करू नये असं नियमात म्हटलं होतं, त्याचंच नाव शेवटी खायच्या तुकड्याला पडलं!

आता सांगा, दोन रकान्यांच्या यादीत हा शब्द कसा बसवाल? ‘अफिकोमान – भाकरीचा तुकडा’ असं लिहिलं तर मिश्नाचं वाक्य निरर्थक होतं. ‘अफिकोमान – मेजवानीनंतरची मौज’ लिहिलं तर आजचा घरातला अर्थ हरवतो. असा शब्द नीट सांगायचा तर जागा दाखवायला लागते आणि माणसं दाखवायला लागतात.

छापखाना आला, वाचक बदलला

इटलीत हिब्रू छपाई सुरू झाली ती १४७०च्या आसपास, रोममध्ये. त्या अगदी पहिल्या पुस्तकांत ‘आरूख’ आहे. पुढे १५१७ला पेसारोत सोन्चिनोंनी तो छापला, १५३१ला व्हेनिसमध्ये डॅनिएल बोंबर्गच्या छापखान्यात निघाला. हे बोंबर्ग स्वतः ख्रिस्ती, अँटवर्पचे. १५२० ते १५२३ या काळात त्यांनी बाबिलोनियाचा तालमूद पहिल्यांदा पूर्ण छापला आणि त्याची पानांची जी रचना ठरली ती आजही चालते. म्हणजे पहिल्या शब्दांनी ओळखायचं प्रकरण आता पानाच्या आकड्याने ओळखायचं झालं.

सोय मोठी झाली, पण काही हातचं गेलंही. हाताने नकला करणारे आणि खिळे जुळवणारे, दोघांनाही रोमच्या गल्लीतले जुने शब्द कळेनासे झाले होते. परके शब्द बिघडत गेले. आणि एक वेगळीच गोष्ट घडली. ९ सप्टेंबर १५५३ला रोममध्ये तालमूद जाहीरपणे जाळला गेला, पाठोपाठ व्हेनिसमध्ये. ज्या ग्रंथाचे पत्ते कोश देत होता तो ग्रंथच कित्येक घरांतून नाहीसा झाला. इथे ‘आरूख’च्या पद्धतीची किंमत कळते. वाक्यं उतरवून घेतलेला कोश नुसता अर्थ सांगत नाही, मजकुराचे तुकडेही सांभाळतो. आणि नाथानसमोर होती ती छपाईच्या चारशे वर्षं आधीची हस्तलिखितं. म्हणून तालमुदाच्या जुन्या पाठांसाठी अभ्यासक आजही त्याच्याकडे जातात.

आता नव्या कोशकारांकडे येऊ.

एलिया लेविता (१४६९–१५४९) हा मला फार जवळचा वाटणारा माणूस. व्याकरणकार, शिक्षक, बोंबर्गकडे मुद्रितं तपासणारा. रोममध्ये तो एका कार्डिनलच्या घरी वर्षानुवर्षं राहिला आणि त्याला हिब्रू शिकवली. आपल्याच लोकांनी त्याला दोष दिला : परक्याला आपली विद्या का शिकवतोस? १५२७ला रोम लुटलं गेलं आणि त्याचा तिथला आसरा संपला. सत्तरी ओलांडल्यावर आल्प्स पार करून तो जर्मनीतल्या इस्नी गावी पाउल फागिउस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाच्या छापखान्यात गेला. तिथे १५४१ला त्याचा ‘तिश्बी’ निघाला, फागिउसच्या लॅटिन भाषांतरासकट. त्यात शब्द फक्त ७१२. का? हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते आणि ‘तिश्बी’ या नावाची बेरीज ७१२ होते. शिवाय तिश्बी हे एलिया संदेष्ट्याचं उपपद, आणि कोशकाराचं नावही एलिया!

टीकाकार म्हणून मी विचारीन, शब्द किती घ्यायचे हे नावाच्या बेरजेवरून ठरवणं बरं का? तसं बघितलं तर खेळच आहे. पण त्या खेळात एक शहाणपण आहे. लेविता सगळं सांगण्याचा आव आणत नाही. आधीच्या कोशांत जे राहिलं, किंवा लोक जे रोज बोलतात पण चुकीचं समजतात, तेवढंच तो घेतो, आणि त्यावर मन लावून लिहितो. छोटा कोश, पण वाचावासा वाटणारा. मात्र ध्यानात घ्या, पान आता दोन भाषांचं झालं आहे. बाजूला लॅटिन वाचणारा बसला आहे.

तो वाचक पुढच्या शतकात मधोमध येऊन बसतो. बासेलचे योहान बुक्सटॉर्फ, वडील आणि मुलगा, दोघांचं नाव योहान. वडिलांनी सुरू केलेला आणि मुलाने पुरा केलेला, खाल्डी-तालमुदी-रब्बी भाषेचा लॅटिन कोश १६३९ला निघाला. काम प्रचंड आहे. पायाला ‘आरूख’ आहेच. थोरल्या बुक्सटॉर्फने १६१३ला रब्बींच्या संक्षेपांचाही कोश काढला होता. ज्याने ही पुस्तकं उघडली आहेत त्याला ठाऊक आहे की निम्मं अडतं ते संक्षेपांपाशी. यहुदी मुद्रितशोधकाच्या मुलाच्या सुंता-विधीला हजर राहिल्याबद्दल या माणसाला १६१९ साली दंडही झाला. पण याच माणसाने यहुद्यांच्या रीतिरिवाजांवर बोचरं पुस्तकही लिहिलं होतं. त्याला ही भाषा हवी होती ती समोरच्याला जाणायला, आणि खोडून काढायला. कोशात याचा परिणाम कुठे दिसतो? घरातला शब्द गेला. लॅटिन ही कोणाच्याच स्वयंपाकघराची भाषा नव्हती. नोंद जास्त व्यवस्थित झाली, पण ती वाचणारा माणूस आता त्या घरचा राहिला नाही.

घरच्या बाजूनेही काम थांबलं नव्हतं. १६५५ला अॅम्स्टरडॅममध्ये बिन्यामिन मुसाफिया या वैद्याने ‘आरूख’ला पुरवणी जोडली. त्याला ग्रीक आणि लॅटिन चांगली येत होती, म्हणून तो परक्या शब्दांची मुळं उलगडतो. नाथानचा मजकूर तसाच ठेवून त्याने आपलं म्हणणं वेगळं, आपल्या नावाने लिहिलं. दुरुस्ती करायची तर अशी करावी.

१९व्या शतकात दोन मोठी कामं झाली. अलेक्झांडर कोहूट यांनी १८७८ ते १८९२ या काळात ‘आरूख’ची भव्य विस्तारित आवृत्ती काढली, आणि मार्कस जॅस्ट्रो यांनी १८८६ ते १९०३ या काळात इंग्रजी कोश पुरा केला. दोघांचे उपकार आहेत, दोघांचे हट्टही आहेत. कोहूट यांना जिथे-तिथे फारसी दिसते. जॅस्ट्रो यांना उलटं, उघड ग्रीक दिसणारा शब्दही ते ओढून-ताणून सेमिटिक मुळाशी नेतात. एकाला आपली भाषा जगाशी जोडलेली दाखवायची होती, दुसऱ्याला ती आपल्या पायावर उभी दाखवायची होती. दोघंही शब्दाआधी निकाल ठरवून बसले होते. हा मोह आपल्याकडेही आहे बरं. गोंडी शब्द दिसला की एक जण त्याला संस्कृतातून काढतो, दुसरा लगेच तमिळकडे धावतो. ‘नाट’चं तमिळ ‘नाडू’शी नातं आहे हे खरं, भाषाशास्त्राने ते दाखवलेलं आहे. पण तो पुरावा एका शब्दाचा, तो दुसऱ्या शब्दाला आपोआप लागू होत नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रात कशी आली

तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपातलं. तर नाही. हिब्रू वाङ्मय आणि मराठी यांची गाठ आपल्याच कोकणात पडली आहे.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. मातृभाषा मराठी, आडनावं गावावरून : राजपूरकर, केहीमकर, दिवेकर. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. पण सण होते. आणि सणांची नावं बघा. वर्षारंभ म्हणजे रोश हशाना, त्याचं नाव ‘नव्याचा सण’. योम किप्पुर, ज्या दिवशी दारं लावून उपास करत घरात बसायचं, तो ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवसाचं नाव ‘शिळा सण’. पुरीमचा ‘होळीचा सण’. पेसाखचा ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट अनाशीचं भांडं झाकून ठेवायचा सण. आणि यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याचा दिवस, तो ‘बिरड्याचा सण’, कारण तेव्हा मांस वर्ज्य आणि वालाचं बिरडं करायचं.

हा काय प्रकार आहे? माझ्या मते हा एक न लिहिलेला कोशच आहे. एकही हिब्रू शब्द नाही, पण प्रत्येक सण कशावरून ओळखायचा ते सांगितलं आहे : दार, भांडं, बिरडं. नाथानने रोमच्या गल्लीतला शब्द कोपऱ्यात लिहिला होता. इथे कोपराच सगळा कोश झाला!

मग १८३२ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीत हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू उघड होता, धर्मांतराचा. बुक्सटॉर्फची आठवण येते ना? पण वाचक काय करील हे लेखकाच्या हातात नसतं. बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली आणि तिच्या आधारे ते आपल्या परंपरेत अधिक घट्ट झाले. १८४६ला मुंबईत हगादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ला पुण्यात सचित्र हगादा निघाली. तिच्या चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बाया लुगडं नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी तर हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यात आयुष्य घातलं.

आणि हगादात मिश्नामधला तो नियम आहेच, अफिकोमानचा. म्हणजे रोमच्या कोशकारापुढचा पेच मुंबईतल्या मराठी भाषांतरकारापुढेही येऊन उभा राहिला.

यात मिळालं किती आणि गेलं काय, याचा हिशोब सरळ नाही. ग्रंथ हाती आले, जगभरच्या यहुद्यांशी नातं जुळलं, मुलं शिकली. हा फायदा मी लहान मानत नाही. पण छापील नावं आली तशी ‘दारफाळणी’ आणि ‘बिरड्याचा सण’ मागे पडले. ते चुकीचे होते म्हणून गेले नाहीत. त्यांना कोणी पुस्तकात शेजारची जागा दिली नाही, म्हणून गेले. केहीमकरांसारख्या माणसाने समाजाचा इतिहास लिहिताना ती नावं नोंदवली, म्हणून आज मी ती तुम्हाला सांगू शकतो.

आपले मराठी कोश याच कसोटीवर

थोडक्यात सांगतो. शिवकाळातला रघुनाथपंडितांचा ‘राजव्यवहारकोश’ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो. तो दरबारासाठी होता, शब्द बदलण्यासाठी होता. गंमत अशी की जे फारसी शब्द घालवायचे होते तेच त्याने यादी करून जपून ठेवले. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. तो साहेबासाठी झाला, म्हणून अर्थ इंग्रजीत. पण म्हणी आणि वापर इतके दिले आहेत की आज आपणच तो उघडतो. आणि १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. तो ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा पत्ता देतो, आणि शब्द वऱ्हाडी की नागपुरी की गोव्याकडचा, तेही सांगतो. ‘आरूख’च्या सर्वांत जवळचा मला हा वाटतो. तरी आपल्या भागाच्या बोलीला त्यात जागा थोडीच मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांना झाडीबोलीचा कोश वेगळा करावा लागला तो त्यामुळेच.

आता आपली यादी

तुमची वही मी सकाळी पाहिली. काम कष्टाचं आहे. रागावू नका, पण रकाने दोनच आहेत : गोंडी शब्द, मराठी अर्थ. ही वही बुक्सटॉर्फची आहे, नाथानची नाही. ती बाहेरून येणाऱ्याला दोन दिवस उपयोगी पडेल. इथल्या मुलीला वीस वर्षांनी आजीचं बोलणं समजून घ्यायचं असेल, तर पडणार नाही.

हा नुसता भाषाप्रेमाचा मुद्दा नाही. मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन हा पुरावा धरला जातो. ते निवेदन म्हातारा गोंडीत करतो आणि कागदावर ते मराठीत उतरतं. जागेला, झाडाला, पाण्याला त्याने जो शब्द वापरला त्याचं मराठीत नुसतं ‘जंगल’ किंवा ‘नाला’ झालं, तर हद्द पुसट होते. शब्द कुठे, कोणी, कशासाठी वापरला हे लिहिलेलं असेल, तर तो पुरावा होतो.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. प्रत्येक शब्दाला एक पूर्ण वाक्य, जसं बोललं गेलं तसं. त्या वाक्याचा पत्ता : गाव, प्रसंग, साधारण वय, स्त्री की पुरुष. बदललेली रूपं वेगळ्या जागी लावा आणि मुळाकडे बोट दाखवा : ‘नाटे – नार पाहा’. आणि दोन गावांत दोन अर्थ आले तर दोन्ही ठेवा, निवाडा करू नका. शब्द पाच हजार झाले नाहीत तरी चालतील. लेविताने ७१२वर भागवलं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : गोंडी देवनागरीत लिहावी की गोंडी लिपीत?

उत्तर : मुंशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली लिपी तयार केली, आणखीही लिपी आहेत, त्यांचा मान राखायलाच हवा. कोणती घ्यायची हा तुमचा निर्णय. मी एवढंच सांगीन : नाथानने इटालियन शब्द हिब्रू अक्षरांत लिहिले आणि त्यात स्वर नीट उमटत नाहीत, म्हणून आज काही शब्दांचा उच्चार ठरवताना डोकं फुटतं. कोणतीही लिपी घ्या, पण पहिल्या पानावर उच्चाराचे नियम लिहा. आणि आता मोबाईल आहेच, आवाजही साठवा.

प्रश्न : बोलीत ‘डोरा’ म्हणतात, पुस्तकात ‘डोळा’. मुख्य शब्द कोणता धरायचा?

उत्तर : ज्याचा कोश, त्याचा शब्द मुख्य. झाडीबोलीच्या कोशात ‘डोरा’ मुख्य आणि ‘डोळा’ शेजारी. शेजारची जागा मात्र कोणाचीच काढून घेऊ नका.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : आजीला मी शब्दाचा अर्थ विचारला की ती अर्थ सांगतच नाही, गोष्टच सांगत बसते. वहीत काय लिहू?

उत्तर : गोष्ट लिही. रकाना पुरत नसेल तर रकाना मोडून टाक. अफिकोमानचा अर्थही तालमुदातल्या लोकांनी पंगतीच्या आणि जेवणाच्या गोष्टीतूनच सांगितला आहे. फक्त खाली आजीचं गाव लिही, ती गोष्ट सांगताना काय करत होती ते लिही. मोह वेचत होती की पत्रावळ लावत होती, तेसुद्धा. आणि उद्या वही आणलीस तर त्यातली एक नोंद आपण सगळे मिळून करू.